बॉनेटखाली – लेखांक ९ : आयुष्यभराचे तेल, पण कोणाच्या आयुष्याचे?

गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत देखभालीचा तक्ता असतो. इंजिन ऑइल, एअर फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, प्रत्येकापुढे किलोमीटर आणि महिने छापलेले असतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ओळीत मात्र पुष्कळदा चौकोन रिकामा सोडलेला दिसतो, नाहीतर ‘देखभालीची गरज नाही’ अशा अर्थाचे काही लिहिलेले असते. सर्व्हिस सेंटरमधले उत्तरही ठरलेले आहे : साहेब, हे लाइफटाइम ऑइल आहे, याला हात लावायचा नाही. पण अनेक पुस्तिकांत आणखी दोन-चार पाने उलटली, की ‘खडतर वापर’ नावाचा दुसरा तक्ता सापडतो आणि त्यात हेच आयुष्यभराचे तेल ठरावीक अंतराने बदलायला सांगितलेले असते. खडतर म्हणजे काय, याची यादीही तिथेच असते : धुळीचे रस्ते, सततचे चढ-उतार, टॅक्सी म्हणून वापर, थांबत-थांबत चालणारी वाहतूक. ह्युंदाईच्या पुस्तिकांतील यादीत ३२ अंशांहून जास्त तापमानात गर्दीतून गाडी चालवणे हेही धरलेले आहे. पुण्यात मार्च ते मे आणि नागपुरात वर्षातले कितीतरी महिने दुपारचा पारा या रेषेच्या वर असतो. मुंबईत तो ऑक्टोबरपासूनच तिच्या आसपास घुटमळतो. तेव्हा कंपनी ज्याला अपवाद म्हणते तो आपल्याकडे रोजचा प्रवास आहे, आणि आपल्या शहरांतल्या जवळजवळ प्रत्येक ऑटोमॅटिक गाडीने दुसराच तक्ता पाळायला हवा, असे मला वाटते.

पुढे जाण्याआधी एक मोठा वर्ग बाजूला काढू. २०१४ साली मारुतीने सेलेरिओ आणली तेव्हापासून आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत ‘एएमटी’ रुळली. तिच्यात आतला गिअरबॉक्स साधाच असतो. क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम तेवढे यंत्र करते. तिथे नेहमीचे गिअर ऑइल असते, क्लच कोरडा असतो आणि बदलायला फिल्टर नसतो. एएमटीवाल्यांनी गिअर ऑइलचा छापील तक्ता पाळला तरी पुरे. आजचा विषय आहे तो टॉर्क कन्व्हर्टरच्या, सीव्हीटीच्या आणि तेलात बुडालेल्या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सचा.

या गिअरबॉक्समध्ये तेल हा एक चालता भाग आहे, ही गोष्ट लक्षात आली की निम्मा प्रश्न सुटतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाला जोडलेले एक पंख्यासारखे चाक तेल भिरकावते, ते तेल समोरच्या दुसऱ्या चाकावर आपटते आणि ते चाक फिरू लागते. म्हणजे इंजिनाची ताकद काही वेळ केवळ तेलातून पलीकडे जाते. तेच तेल दाब देऊन क्लच प्लेटा आवळते, झडपा सरकवते, दातेरी चाकांना वंगण पुरवते आणि सगळ्यांची उष्णता वाहून नेते. शिवाय त्याला एक विचित्र अट पाळावी लागते. दातेरी चाकांमध्ये घसरण हवी आणि क्लच प्लेटांमध्ये पकड हवी, तीही झटका न बसता. ही कसरत जमते ती तेलात मिसळलेल्या घर्षण-नियंत्रक रसायनांमुळे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत या कामासाठी स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचे तेल वापरले जाई. देवमाशाला कायद्याचे संरक्षण मिळाले तेव्हा तेल कंपन्यांना पर्याय शोधणे भाग पडले. इतके नाजूक मिश्रण असलेला द्रव पंधरा वर्षे जसाच्या तसा राहील, असे मानणे म्हणूनच धाडसाचे आहे. ही रसायने झिजली की त्याची खूण गाडी स्वतः देते : साठ-सत्तरच्या वेगाने सरळ जाताना, गतिरोधकांच्या बारीक पट्ट्यांवरून गेल्यासारखी क्षणभर थरथर.

तेल बिघडते मुख्यतः उष्णतेने. तापमान दर दहा अंशांनी वाढले की तेलाचे ऑक्सिडेशन साधारण दुप्पट वेगाने होते, असा रसायनशास्त्रातला एक ढोबळ नियम आहे. आता ही उष्णता येते कुठून ते पाहा. द्रुतगती मार्गावर एका वेगाने गाडी चालली असेल तर कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच बसतो, दोन्ही चाके एकत्र फिरतात, तेलाची घुसळण जवळजवळ थांबते. सिग्नलला ‘डी’मध्ये ब्रेक दाबून उभे राहिलो, की एक चाक फिरत राहते आणि दुसरे अडवलेले असते, इंजिन जी ताकद देते ती सगळी तेल तापवण्यात जाते. काही नव्या गाड्या अशा वेळी आपोआप न्यूट्रलसारखी अवस्था घेतात, सगळ्या नाही. कसारा किंवा बोरघाटात ट्रकच्या मागे रांगत चढतानाही हाच प्रकार होतो, फक्त ताकद जास्त असल्याने उष्णताही जास्त. गिअरबॉक्सला कूलर असतो हे खरे. पण बहुतेक गाड्यांत तो इंजिनाच्या कूलंटवरच चालतो, आणि कूलंट स्वतःच नव्वद अंशांच्या घरात असतो.

यातून किलोमीटरच्या हिशेबातली मोठी खोट दिसते. साठ हजार किलोमीटर सरासरी ६० च्या वेगाने कापले तर १,००० तास होतात, तेच अंतर शहरात सरासरी २० च्या वेगाने कापले तर ३,००० तास. ओडोमीटर दोन्ही गाड्यांना एकच आकडा दाखवतो. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. त्याच्या ट्रॅक्टरवर तास मोजणारे मीटर असते आणि ऑइल बदलायचे ते तासांवर, कारण नांगरणीत ट्रॅक्टर किती अंतर चालला याला काहीच अर्थ नसतो. हिंजवडी ते हडपसर रोज ये-जा करणारी मोटार ट्रॅक्टरच्या बरीच जवळची आहे. ज्यांच्या गाडीच्या पडद्यावर सरासरी वेग दिसतो त्यांनी तो एकदा पाहावा. तो २०-२५ च्या आत असेल तर महामार्गावरच्या गाडीचे वेळापत्रक आपले नव्हे.

आता फिल्टर. नाव एकच असले तरी इंजिनाच्या फिल्टरची कल्पना इथे लागू होत नाही. टॉर्क कन्व्हर्टरच्या बहुतेक गिअरबॉक्समध्ये तो तळातल्या ऑइल पॅनमध्ये, पंपाच्या तोंडाशी बसवलेला असतो. पंप त्यातून तेल ओढून घेतो, म्हणून त्याची जाळी फार बारीक ठेवता येत नाही; ठेवली तर पंपच उपाशी राहील. त्यामुळे तो मोठा कचरा अडवतो आणि क्लच प्लेटांच्या कागदी अस्तराची बारीक पूड तेलातच फिरत राहते. पॅनमधले चुंबक लोखंडाचा कीस धरते, कागदाची पूड त्याला धरता येत नाही. नुसता फिल्टर बदलून तेल तेच ठेवणे म्हणून व्यर्थ. उलट, तेल बदलले आणि फिल्टर तसाच ठेवला, तर ते अपुरे असले तरी वाया जात नाही. कुठे काय शक्य आहे हे गाडीवर ठरते. जर्मनीच्या झेडएफ कंपनीच्या सहा आणि आठ गिअरच्या अनेक गिअरबॉक्समध्ये प्लास्टिकचा पॅन आणि फिल्टर हा एकच तुकडा असतो, पूर्ण बदलावा लागतो. काही जपानी गिअरबॉक्समध्ये फिल्टर इतका आत असतो, की तो काढायला गिअरबॉक्सच उघडावा लागेल. तिथे तेलावरच भागवायचे. पॅन खोलता येत असेल तर दर दुसऱ्या तेलबदलाला तरी फिल्टर आणि गॅस्केट नवे घालावे आणि चुंबक पुसून घ्यावे.

यावर पहिला आक्षेप उघड आहे : गाडी बनवणाऱ्यांपेक्षा तुम्हाला जास्त कळते का? उत्तर बनवणाऱ्यांकडेच आहे. झेडएफने आपल्या गिअरबॉक्सचे तेल वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरवर किंवा जास्तीत जास्त आठ वर्षांत बदलायला सांगितले आहे, आणि तेच गिअरबॉक्स बसवणाऱ्या मोटार कंपन्यांनी त्या तेलाला आयुष्यभराचे म्हटलेले आहे. गिअरबॉक्स बनवणारा एक सांगतो आणि गाडी विकणारा दुसरे, तेव्हा दोघांच्या नजरेसमोरचे आयुष्य वेगळे आहे असे समजावे. विकणाऱ्याला वॉरंटीचा काळ आणि जाहिरातीतला कमी देखभालखर्च महत्त्वाचा. आपल्या आरटीओच्या लेखी खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पहिला मालक पाच-सहा वर्षांत गाडी विकतो आणि आयुष्यभराच्या तेलाचे बिल दुसऱ्या मालकाच्या हाती पडते. जुनी ऑटोमॅटिक घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

दुसरा आक्षेप गॅरेजमध्ये जास्त ऐकू येतो : जुने तेल बदलले आणि आठवड्याभरात गिअरबॉक्स गेला, मग छेडायचे कशाला? असे घडते, पण क्रम नीट पाहावा. बहुतेक लोक तेल बदलायला जातात ते गिअर उशिरा पडू लागल्यावर, म्हणजे प्लेटा झिजल्यावर. गिअरबॉक्स जाणारच होता. तेलाचे बिल त्याच्या आठवडाभर आधीचे असते, एवढेच. तरी या आक्षेपात थोडे तथ्यही आहे. पार झिजलेल्या प्लेटांना जुन्या तेलातल्या पुडीचा काही आधार मिळत असतो, आणि दाबाच्या मशीनने तेल ढकलून काढले तर तळाशी बसलेला गाळ झडपांमध्ये जाऊ शकतो. म्हणून गिअर घसरू लागलेल्या गाडीत आधी तपासणी करावी, नव्या तेलाचा खर्च नंतर. घसरण नसून नुसती थरथर असेल तर गोष्ट वेगळी. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या आठ गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये अशा थरथरीच्या तक्रारी आल्या. मूळच्या तेलात ओलावा शिरत असल्याचे निष्पन्न झाले आणि २०१९ मध्ये कंपनीने डीलरांना ते तेल काढून वेगळ्या प्रकारचे तेल भरायला सांगितले. ती एका विशिष्ट तेलाची खोड होती, पण दोष तेलात असू शकतो आणि उपायही, एवढे त्यातून सिद्ध होते. हवामानाचा पुरावा त्याहून आपल्या जवळचा आहे : २०१३ मध्ये फोक्सवॅगनने डीएसजी या आपल्या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सच्या कोरड्या क्लचच्या, सात गिअरच्या प्रकारातले कृत्रिम तेल काढून खनिज तेल भरण्याची मोहीम काढली, ती उष्ण आणि दमट प्रदेशांचे कारण देऊन.

‘माझी गाडी दीड लाख चालली, एकदाही तेल बदलले नाही’ असे सांगणारेही भेटतात. त्यांच्यावर अविश्वास दाखवायचे कारण नाही. त्यातले दीड लाख कुठल्या रस्त्यावरचे, एवढे विचारावे.

आता आकडा, कारण शेवटी वाचकाला तोच हवा असतो. शहरात चालणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टर गाडीसाठी ६०,००० किलोमीटर किंवा पाच वर्षे, यातले जे आधी येईल ते, हा माझा हिशेब. सीव्हीटीमध्ये पोलादी पट्टा आणि पुली यांच्यातली पकड सर्वस्वी तेलावर असते, म्हणून तिथे ४०,००० ते ५०,०००. तेलात बुडालेल्या क्लचच्या सहा गिअरच्या डीएसजीला कंपनीनेच तेल आणि फिल्टरसाठी ६०,००० सांगितले आहेत. तिथे वाद नाही. मुख्यतः महामार्गावर चालणाऱ्या गाडीने टॉर्क कन्व्हर्टरचे तेल लाखापर्यंत नेले तरी चालेल. पुस्तिकेत याहून कमी लिहिले असेल तर पुस्तिका पाळावी. खर्चाचे म्हणाल तर काही हजारांचे हे काम आहे, आणि गिअरबॉक्स बदलण्याची वेळ आली तर बिल सहज लाखाच्या पुढे जाते.

काम कसे होते हेही पाहायला हवे. बोल्ट उघडून तेल सोडले तर सगळे येत नाही, कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत बरेच उरते. एका वेळी ४० टक्के निघाले असे धरू. मग एकदा बदलल्यावर ६० टक्के जुने, दुसऱ्यांदा ३६ टक्के, तिसऱ्यांदा जेमतेम २२ टक्के. फार उशीर झालेल्या गाडीत मशीनच्या दाबापेक्षा काहीशे किलोमीटरच्या अंतराने असे दोन-तीनदा करणे बरे. पातळी मोजण्याचेही शास्त्र आहे. नव्या गाड्यांत काडी नसते. तेल ठरावीक तापमानाला असताना, बऱ्याच टोयोटांमध्ये ३५ ते ४५ अंश, झेडएफमध्ये ३० ते ५०, इंजिन चालू ठेवून बोल्टच्या भोकातून पातळी पाहायची असते. मे महिन्यात अकोल्यात दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गाडीचे तेल इंजिन सुरू होण्यापूर्वीच त्या मर्यादेशी पोचलेले असेल, तेव्हा हे काम सकाळी पहिल्या नंबरला द्यावे. आणि ‘सगळ्या गाड्यांना चालते’ असे लिहिलेला डबा नको. टोयोटाचे डब्ल्यूएस, होंडाचे एचसीएफ-२, ह्युंदाईचे एसपी-४ ही नावे म्हणजे घर्षणाची वेगवेगळी गणिते आहेत; सीव्हीटीत चुकीचे तेल पडले तर पट्टा घसरतो आणि पुलीवर कायमचे ओरखडे येतात.

गाडी ताब्यात घेताना बिलावर तेलाचे हे नाव आणि किती लिटर भरले तो आकडा लिहून घ्या. नुसते ‘गिअर ऑइल’ लिहिले असेल तर बिल परत करून दुसरे मागा.

(पुढील आठवड्यात : ब्रेक ऑइल आणि पावसाळा)