अंथरुणाची पारख

माणसाच्या आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा अंथरुणावर जातो. साडी किंवा सदरा घ्यावयाचा असला की घरातली चार माणसे विचारविनिमय करतात. परंतु ज्या कापडाशी आपल्या त्वचेचा रोज सात-आठ तास संबंध येतो, ती चादर मात्र बहुधा रंग पाहून, नक्षी पाहून किंवा सवलतीचा फलक पाहून घाईने घेतली जाते. मग रात्री पाठ चिकटते, चादर गोळा होऊन पायाशी येते, दोन-तीन धुण्यांत रंग उतरतो आणि कापडावर बारीक बारीक गोळे उठतात. अशा वेळी दोष उकाड्याला दिला जातो. पुष्कळदा तो चादरीचा असतो.

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आपण खर्चाच्या संदर्भात वापरतो. तिचा शब्दशः अर्थही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. अंथरूण खरोखरच पाहून घ्यावे, आणि पाहताना एक प्रश्न मनाशी धरावा: ही चादर आज दुकानात कशी दिसते यापेक्षा दहा वेळा धुतल्यानंतर कशी राहील? चादरीची सारी पारख या एका प्रश्नात सामावलेली आहे.

सुती कापड अंगाला का मानवते?

झोप लागू लागली की शरीराचे तापमान किंचित उतरते. आतली उष्णता त्वचेवाटे बाहेर पडते आणि तिच्याबरोबर ओलावाही बाहेर येतो. घाम डोळ्यांना दिसत नसला तरी ही क्रिया रात्रभर चालू असते. हा ओलावा टिपून घेऊन पुन्हा हवेत सोडून देणे हे चादरीचे खरे काम होय.

कापसाचा तंतू हे काम उत्तम करतो. तो सेल्युलोजचा बनलेला असल्यामुळे पाण्याची वाफ सहज शोषतो. वस्त्रशास्त्राने ठरविलेल्या प्रमाण हवामानात १०० ग्रॅम कोरड्या कापसात सुमारे ८.५ ग्रॅम ओलावा सामावतो. तितक्याच पॉलिएस्टरमध्ये अर्धा ग्रॅमही सामावत नाही. म्हणजे ९०० ग्रॅम वजनाची दुहेरी सुती चादर सुमारे ७५ ग्रॅम पाणी पोटात ठेवूनही हाताला कोरडीच लागते. कृत्रिम धाग्याच्या चादरीत हा ओलावा कापड आणि त्वचा यांच्यामध्ये अडकून पडतो. शिवाय भिजल्यावर कापसाचा तंतू दुबळा होत नाही, उलट अधिक बळकट होतो. म्हणूनच सुती कापड वर्षानुवर्षे धुणे सोसते.

पॉलिएस्टरमिश्रित चादरीला गुण नाहीत असे नव्हे. ती कमी चुरगळते, लवकर वाळते आणि स्वस्त पडते. प्रवासात किंवा वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना तिचा उपयोग होतो. मात्र मिश्र चादर घ्यावयाची तर ती मिश्र आहे हे जाणून घ्यावी. ‘कॉटन फील’ याचा अर्थ स्पर्श सुती आहे, धागा नव्हे; ‘कॉटन रिच’ म्हणजे मिश्रणात कापूस अधिक; आणि ‘मायक्रोफायबर’ हा बहुधा पॉलिएस्टरचाच अतिशय बारीक धागा असतो. शंभर टक्के कापूस हवा असेल तर वेष्टनावर तसे स्पष्ट शब्द असावयास हवेत.

आकड्यांची भुरळ

अलीकडे चादरीच्या वेष्टनावर ‘थ्रेड काउंट’ ठळक अक्षरांत छापलेला आढळतो. एक चौरस इंच कापडात उभे आणि आडवे, म्हणजेच ताण्याचे आणि बाण्याचे, मिळून जितके धागे असतात तो हा आकडा. तो जितका मोठा तितकी चादर उत्तम, अशी समजूत रूढ झाली आहे. ती अर्धीच खरी आहे. एका इंचात किती धागे बसावेत याला मर्यादा असते. हजाराचा आकडा पुष्कळदा असा साधला जातो की चार बारीक सुते पिळून एक धागा करावयाचा, आणि मोजताना एकाऐवजी चार मोजावयाचे. अडीचशे धाग्यांच्या कापडाचे अशा रीतीने एक हजार होतात. आकडा वाढतो, कापड जड आणि दाट होते, आणि हवा खेळेनाशी होते. आपल्या देशातील बहुतेक भागांत नित्याच्या वापराला १८० ते ३०० धाग्यांची चादर पुरेशी आहे.

याहून अधिक बोलका आकडा सुताच्या नंबराचा. एक पौंड वजनात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात तो त्या सुताचा नंबर. ४० नंबरी सुताचा एक पौंड उलगडला तर तो ३३,६०० वार, म्हणजे जवळजवळ ३१ किलोमीटर भरेल. नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. २० नंबरी सुताची चादर जाड आणि दणकट असते, ४० नंबरी मऊ आणि हलकी, तर ६० नंबरी तलम. रोजच्या वापराला ३० ते ४० नंबरांच्या आसपासचे सूत सोयीचे पडते.

सूत कोणत्या कापसाचे आहे यालाही महत्त्व आहे. लांब तंतूच्या कापसाचे सूत गुळगुळीत निघते, कारण त्यातून बाहेर डोकावणारी टोके कमी असतात. आखूड तंतूंची टोके घर्षणाने बाहेर येतात, एकमेकांत गुंततात आणि त्यांचेच गोळे होतात. कोइमतूर येथे विकसित होऊन १९७४ साली प्रसारित झालेली ‘सुविन’ ही जात अतिलांब तंतूसाठी नावाजलेली आहे. तसा कापूस महाग असतो, आणि रोजच्या चादरीसाठी त्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही. साध्या लांब तंतूच्या कापसाची, नीट विणलेली चादरही अनेक वर्षे टिकते.

वीण आणि हवामान

चादरीच्या विणी मुख्यतः तीन. साध्या विणीत बाण्याचा धागा एकदा ताण्यावरून आणि एकदा खालून जातो. हे कापड हलके, कोरड्या स्पर्शाचे आणि हवा खेळती ठेवणारे असते. साटीन विणीत धागे पृष्ठभागावर लांबवर मोकळे राहतात. म्हणून कापड तुकतुकीत आणि अंगाशी मऊ लागते, पण ते थोडे उबदार असते आणि खरखरीत वस्तूला अडकून त्याचा धागा ओढला जातो. तिसरी तिरकी वीण, म्हणजे ट्विल. ती घट्ट, जड आणि टिकाऊ असते.

मुंबई, कोकण, गोवा किंवा केरळ येथील दमट हवेत साधी वीण सर्वांत सुखाची. पावसाळ्यात जाड चादर दोन दिवस वाळत नाही आणि तिला कुबट वास येतो. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यातही हलकी चादरच बरी. दिल्ली, ग्वाल्हेर वा इंदूर येथे राहणाऱ्या कुटुंबांनी उन्हाळ्यासाठी साधी आणि थंडीसाठी साटीन किंवा ट्विल अशा दोन प्रकारच्या चादरी ठेवाव्यात.

मराठीत अंथरावयाच्या आणि पांघरावयाच्या अशा दोन्ही वस्त्रांना आपण ‘चादर’ म्हणतो. त्यामुळे कधी कधी घोटाळा होतो. सोलापूरची प्रसिद्ध चादर मूलतः पांघरावयाची आहे. तेलंगणातून येऊन सोलापुरात स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांनी तिचा लौकिक वाढविला, आणि तिला भौगोलिक निर्देशनाचे कायदेशीर संरक्षणही लाभले आहे. जाड सुताची आणि विणीतच नक्षी उमटविलेली ही चादर थंडीत उत्तम ऊब देते; गादीवर मात्र तिच्याहून पातळ कापड हवे.

दुकानातील परीक्षा

वेष्टनातून चादर बाहेर काढून दाखविण्यास सांगण्यात संकोच मानू नये. पुढील परीक्षांना पाच मिनिटेही लागत नाहीत.

कापड उजेडासमोर धरावे. वीण सर्वत्र सारखी दिसली पाहिजे. कोठे विरळ तर कोठे दाट दिसल्यास तेथूनच ते पुढे फाटेल.

कापडाचा एक कोपरा दोन्ही हातांत धरून जोराने चोळावा. पांढरी भुकटी पडली किंवा चोळलेली जागा एकदम लुळी व विरळ झाली, तर कापडाचा भरदारपणा खळीचा आहे असे समजावे. ही खळ पहिल्याच धुण्यात निघून जाते.

ओलसर पांढरा रुमाल गडद रंगावर घासावा. रुमालाला रंग लागला तर तो घरी इतर कपड्यांनाही लागेल.

शेवटी काठ आणि शिवण पाहावी. दुमड सरळ आणि टाके जवळजवळ असावेत.

कापसाविषयी तरीही शंका राहिली, तर घरी आल्यावर काठातील दोन-तीन धागे काढून, चिमट्यात धरून, पाण्याच्या भांड्यावर जाळून पाहावेत. कापूस कागदासारखा जळतो, तसाच वास देतो आणि मागे मऊ राख ठेवतो. पॉलिएस्टर वितळते आणि त्याचा कडक काळपट मणी होतो. लहान मुले जवळ असताना ही परीक्षा करू नये. बिल मात्र जपून ठेवावे. वेष्टनावरील मजकूर खोटा ठरला आणि दुकानदार दाद देईनासा झाला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते.

मापाचा हिशेब

चादर घेण्यापूर्वी गादीची लांबी व रुंदी तर मोजावीच, पण जाडीही मोजावी. ती मोजणे बहुतेकांच्या हातून राहून जाते. समजा, गादी ७२ इंच रुंद, ७८ इंच लांब आणि ६ इंच जाड आहे. दोन्ही बाजूंची जाडी १२ इंच आणि खाली खोचण्यासाठी प्रत्येक बाजूस ६ इंच धरले, तर चादर ९६ इंच रुंद आणि १०२ इंच लांब हवी. कापड आधी आटविलेले नसेल तर ते धुण्यात शेकडा पाचपर्यंत आटेल असे धरून चालावे. म्हणजे या गादीला १०८ इंच लांब-रुंद चादरच योग्य. बाजारातील ९० × १०० इंचांची चादर नवी असताना प्रत्येक बाजूस जेमतेम ३ इंच खोचली जाईल, आणि आटल्यावर एक इंचसुद्धा उरणार नाही. रात्री चादर गोळा होते ती बहुधा यामुळेच.

आजारी माणूस आणि तान्हे मूल

निरोगी माणसाला वाईट चादर गैरसोयीची वाटते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ती अपाय करते. पाठ, माकडहाड, टाचा अशा ज्या ठिकाणी हाड त्वचेच्या निकट असते, तेथे सतत दाब पडून जखमा होतात. ओलावा, घर्षण आणि चादरीच्या सुरकुत्या यांमुळे त्या लवकर होतात आणि एकदा झाल्या की लवकर भरत नाहीत. अशा रुग्णासाठी साध्या विणीची, मऊ झालेली, फिक्या रंगाची सुती चादर घ्यावी. फिक्या रंगावर ओल किंवा रक्ताचा डाग तत्काळ दिसतो. चादर ताणून खोचावी, कूस बदलताना दर वेळी सुरकुत्या काढाव्यात आणि ओली झाल्यास रात्रीसुद्धा बदलावी. त्यासाठी निदान तीन-चार चादरी वेगळ्या ठेवाव्यात. चांगल्या चादरीने कूस बदलण्याची गरज मात्र टळत नाही. ती वैद्यकीय सल्ल्याप्रमाणे बदलावीच लागते.

तान्ह्या मुलाच्या अंथरुणावरील चादरही घट्ट बसविलेली असावी. त्याच्या तोंडाजवळ सैल कापड किंवा मऊ उशी ठेवणे धोक्याचे असते. आपल्या आज्या-पणज्या बाळासाठी नवे कापड न घेता धुऊन धुऊन मऊ झालेले जुने धोतर वा लुगडे घेत, त्यामागे अनुभव होता. अशा कापडातील खळ आणि कच्चा रंग केव्हाच निघून गेलेला असतो.

विणणाऱ्याचा हात

आपली चादर कोणाच्या हातून येते हेही जाणून घ्यावे. केरळातील कण्णूर, तमिळनाडूतील चेन्निमलै आणि करूर, हरियाणातील पानिपत ही गावे अंथरुणा-पांघरुणाच्या वस्त्रांसाठी विख्यात आहेत. १९८५ च्या कायद्याने काही प्रकारच्या चादरी व पलंगपोस यांचे उत्पादन हातमागासाठी राखून ठेवले आहे. २०१९–२० च्या हातमाग गणनेनुसार या व्यवसायात सुमारे ३५ लाख विणकर आणि पूरक कामगार आहेत, आणि त्यांपैकी शेकडा ७२ स्त्रिया आहेत. यंत्रमागाचे कापड हातमागाचे म्हणून विकले गेले, तर गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि या स्त्रियांची मजुरी बुडते. म्हणून हातमागाची चादर घेताना २००६ साली सुरू झालेली ‘हँडलूम मार्क’ची खूण पाहावी. खादी म्हणावयाची तर तिचे सूतही हातानेच कातलेले असावे लागते. खादीची चादर प्रथम थोडी खरखरीत लागते, पण प्रत्येक धुण्याबरोबर मऊ होत जाते.

घरी आणल्यावर

नवी चादर न धुता अंथरू नये. रात्रभर साध्या थंड पाण्यात भिजत ठेवल्यास खळ सुटते. गडद रंगाची चादर पहिली दोन-तीन धुणी वेगळी धुवावी आणि उलटी करून सावलीत वाळवावी; पांढरी चादर खुशाल उन्हात घालावी. कापड मऊ करणारी द्रावणे वारंवार वापरू नयेत. त्यांचा थर धाग्यावर बसतो आणि ओलावा टिपण्याचा कापसाचा गुण कमी होतो. आठवड्यातून एकदा चादर बदलावी. घरात कोणाला दमा किंवा धुळीची बाधा असेल तर रंग पक्का असलेली चादर ५५ ते ६० अंश सेल्सियसच्या गरम पाण्यात धुवावी. त्याने धुळीतील सूक्ष्म किडे मरतात.

एका अंथरुणास तीन चादरी पुरतात: एक अंथरलेली, एक धुण्यात आणि एक कपाटात. तेव्हा सवलतीत सहा हलक्या चादरी घेण्यापेक्षा तेवढ्याच पैशांत तीन चांगल्या घ्याव्यात. पहिल्या महिन्यात हा व्यवहार महाग वाटेल. परंतु वर्षभरानंतर हलकी चादर विरून पुसण्यात गेलेली असते, तर चांगली चादर तेव्हा कोठे अंगाला सरावू लागते. पुढे मध्यभागी विरली तरी तिचे काठाकडचे कापड उशीच्या अभ्र्यांना येते, आणि त्यानंतरही गोधडीच्या एका थरात तिला जागा मिळते.