घाटेअळीच्या पोटातली गांधीलमाशी

हरभरा फुलोऱ्यात येऊ लागला, की शेंड्याकडची कोवळी पाने जरा उलटून पाहावीत. मेलेल्या बारक्या घाटेअळीच्या वाळल्या कातडीला लागून तांदळाच्या दाण्याएवढा पांढुरका कोश दिसला, तर फवारणीचा पंप खाली ठेवावा आणि आधी शेतभर फिरून असे कोश किती आहेत ते मोजावे. हा कोश कॅम्पोलेटिस क्लोरिडी या गांधीलमाशीचा. घरात मातीची घरटी करणाऱ्या गांधीलमाशीची ही दूरची, अगदी नाजूक भावकी. माणसाच्या वाटेला ती जात नाही.

तिचा अभ्यास औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मराठवाडा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात झाला. पी. के. निकम आणि सी. डी. बसरकर यांनी घाटेअळीच्या पोटात ही माशी कशी वाढते याची नोंद 1978 मध्ये प्रसिद्ध केली. पुढे 1989 मध्ये निकम आणि ए. एम. गायकवाड यांनी मराठवाड्यातल्या घाटेअळीवर जगणाऱ्या अशा माश्यांचा आढावा घेतला.

मादी लहान वयाची अळी गाठते, अंडी घालायची नळी खुपसते आणि आत एकच अंडे सोडते. परकी वस्तू शिरली, की अळीच्या रक्तातल्या पेशी तिला वेढून मारू पाहतात. पण अंड्याबरोबर मादी विषाणूंसारखे कणही टोचते आणि अळीची ही प्रतिकारशक्तीच लुळी पडते. साधारण आठवडाभर माशीचे पिल्लू आतून खात राहते. त्या काळात अळी जिवंत असते, पण तिची वाढ खुंटते. घाटे पोखरण्याचे वय येण्याआधीच ती संपते. शेतकऱ्याचा खरा फायदा इथेच आहे: पुढची पिढी तर रोखली जातेच, पण याच हंगामातले नुकसानही टळते.

मात्र ही माशी सगळ्या पिकांत सारखी रमत नाही. ज्वारी-हरभऱ्यावर ती भरपूर सापडते, तुरीवर कमी. त्यामुळे अळी तीच असली, तरी तुरीला हरभऱ्याचा हिशेब लावून चालत नाही.

या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो निकम आणि सी. व्ही. पवार यांचा 1993 चा लेख. विषय होता ब्रॅकॉन हेबेटर, घाटेअळीला डंख मारून लुळी करणारी आणि तिच्या अंगावर बाहेरूनच अंडी घालणारी माशी. तांदळावरच्या पतंगाच्या अळ्यांवर तिला वाढवून त्यांनी तिचे जीवनकोष्टक मांडले: कोणत्या दिवशी किती माद्या जिवंत आहेत, त्या दिवशी किती मादी-संतती झाली. मादी-संतती वेगळी मोजावीच लागते, कारण या माश्यांत फलित अंड्यातून मादी होते आणि अफलित अंड्यातून नर. नुसते नर वाढले तर अळ्यांना कोण टोचणार? रोज भिंगाखाली बसून केलेल्या या मोजणीतूनच माशीच्या वाढीचा वेग कळतो, आणि तो कळल्याशिवाय कोणत्या दिवशी किती माश्या शेतात सोडाव्यात हे सांगताच येत नाही.

2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने मराठवाड्याचा कापूस पोखरला, तेव्हा हे दिवसांचे गणित किती मोलाचे ते कळायला हवे होते. अळी एकदा बोंडात शिरली, की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. तिला अंड्यातच गाठावे लागते. ट्रायकोग्रामा नावाच्या अर्ध्या मिलिमीटरच्या माश्या नेमके तेच करतात. या माश्या आत वाढत असलेली अंडी चिकटवलेले ट्रायकोकार्ड शेतकऱ्याच्या हाती पडते, पण कधीकधी उशिरा, उन्हात तापलेले. माझे ठाम मत आहे, की प्रत्येक कार्डावर माश्या बाहेर पडण्याची तारीख ठळक हवी आणि कार्ड त्याआधीच बांधावर पोचायला हवे. ते संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला टाचावे. त्यानंतर काही दिवस रासायनिक फवारणी करू नये. ती अळीच्या आधी या माश्यांनाच मारते.