जेवणाच्या टेबलावरचं मिग

पुरुष निवृत्त होतो, बाई कधीच होत नाही, असं आपण मैत्रिणी हसत म्हणतो. पण निवृत्त नवऱ्याने दिवसभर घरात करायचं काय, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्या ह्यांनी ओझरच्या विमान कारखान्यात चौतीस वर्षं काढली. घरी बसल्यावर चार महिने माझ्या फोडणीवर देखरेख, एवढाच उद्योग! मग एक दिवस म्हणाले, "अगं, मी मिग बांधतो."

मिग-२१ हे लढाऊ विमान १९६३ मध्ये आपल्या हवाई दलात आलं. ओझरचा कारखाना त्याच्याचसाठी उभा राहिला. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर. ह्यांनी एकास आठ प्रमाण धरलं, तरी तो ९० सेंटीमीटरच्या आसपास आला, आणि नाकापुढच्या नळीसकट लांबी जवळजवळ दोन मीटर. झालं, जेवणाचं टेबल गेलं!

मी म्हटलं, "अहो, टेबल घ्या, पण सकाळचा चहा, भाजी आणि संध्याकाळची कणीक तुमच्याकडे." कबूल झाले. त्या रिकाम्या वेळात मी बंद पडलेलं शिवणकाम पुन्हा काढलं.

आणि तेच कामी आलं! विमानाच्या पोटातल्या प्लायवूडच्या चकत्या दोन्ही बाजूंनी अगदी सारख्या हव्यात, नाहीतर सांगाडा वाकडा दिसतो. ह्यांचं मोजमाप दर वेळी एक-दोन मिलिमीटर चुकायचं. आपण ब्लाउजचा कागद घडीवर बेततो ना, तसा मी खाकी कागद दुमडून अर्धाच आकार काढला, कापला, उघडला. दोन्ही बाजू सारख्या! पुढच्या सगळ्या चकत्या माझ्या कागदावरून कापल्या. या विमानाचं इंजिन नाकातून हवा घेतं आणि त्या तोंडात एक शंकू असतो. तो लाटणी करणाऱ्या कारागिराकडून लेथवर घडवून आणला. वरून बाल्साच्या पट्ट्या, लांबी, घासकाम आणि चंदेरी रंग.

घासता घासता हे बोलू लागले. डिसेंबर १९७१ मध्ये याच विमानांनी ढाक्यातल्या गव्हर्नर हाउसवर हल्ला केला, हे अभिमानाने सांगत. पण पुढे अपघात होत गेले, लोक मिगला 'उडती शवपेटी' म्हणू लागले. तरुण वैमानिक गेल्याची बातमी आली की ह्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. कारण मी कधी विचारलं नव्हतं, त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. "माझा हात लागलेलं तर नसेल ना, हेच मनात यायचं," हे वाक्य मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी ऐकायला मिळालं.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला, तो आम्ही टीव्हीवर पाहिला. हे डोळे पुसून उठले आणि शेपटीला पॉलिश पेपर मारू लागले.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातही असा कुणी रिकामा बसला असेल, तर त्याला त्याच्या हातातलं काम शोधू द्या. जागा जरूर द्या, पण कणीक त्याच्याकडूनच मळून घ्या!