घासाचा प्रवास

मित्रांनो, एप्रिल महिन्यात चंदगडच्या बाजूला गेलात, तर काजूच्या झाडांवर लाल-पिवळी बोंडे लटकलेली दिसतील. चंदगड हा कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा डोंगराळ तालुका. त्याच्या एका बाजूला बेळगाव जिल्हा, तर दुसऱ्या बाजूला सिंधुदुर्ग जिल्हा. येथे पाऊस भरपूर पडतो आणि काजूचे पीक चांगले येते.

पिकलेले बोंड खाल्ले की आधी गोड रस लागतो. मग तोंड तुरट आणि कोरडे होते. असे का होते? बोंडात टॅनिन नावाचा पदार्थ असतो. तो आपल्या लाळेतील प्रथिनांना चिकटतो. त्यामुळे लाळेचा बुळबुळीतपणा थोडा वेळ नाहीसा होतो. एरवी आपल्याला लाळेची आठवणही होत नाही. ती कमी पडली, की तिची किंमत कळते.

लाळ तयार करणाऱ्या ग्रंथींच्या तीन मुख्य जोड्या आहेत. एक जोडी कानांजवळ, दुसरी जबड्याखाली आणि तिसरी जिभेखाली. या ग्रंथी दिवसभरात सुमारे एक ते दीड लिटर लाळ तयार करतात. चिंचेचे नुसते नाव काढले, तरी तोंडाला पाणी सुटते. हे पाणी म्हणजेच लाळ. लाळेमुळे घास मऊ होतो, दात स्वच्छ राहतात आणि पचनाला सुरुवात होते. भाकरीचा घास बराच वेळ चावून पाहा. तो गोड लागू लागतो, कारण लाळ पिठातील स्टार्चची साखर करू लागते.

गिळलेला घास अन्ननलिकेत जातो. मोठ्या माणसाची अन्ननलिका सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते. घास तिच्यातून आपोआप घसरत नाही. नलिकेचे स्नायू लाटेसारखे आकुंचन पावतात आणि घासाला पुढे ढकलतात. नलिकेच्या तळाशी स्नायूंचे एक कडे असते. घास जठरात गेला, की ते दारासारखे मिटते.

आता या वाटेवरच्या आजारांची ओळख करून घेऊ.

पहिला आजार गालगुंड. हा विषाणूमुळे होतो. कानाजवळची ग्रंथी सुजते, गाल फुगतो, ताप येतो आणि चावताना दुखते. रोग्याच्या लाळेतून, खोकल्यातून व शिंकेतून तो दुसऱ्याला लागतो. म्हणून सूज आल्यापासून पाच दिवस शाळेत जाऊ नये आणि आपला पेला दुसऱ्याला देऊ नये. बहुतेक मुले विश्रांतीने बरी होतात. गालावर लेप लावून विषाणू मरत नाही. कधीकधी मात्र मेंदूच्या आवरणाला सूज येते, ऐकू येणे कमी होते किंवा वयात आलेल्या मुलांच्या वृषणांना सूज येते. खूप डोके दुखले, उलट्या झाल्या किंवा मान ताठ झाली, तर ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

या आजाराच्या लशीची हकिकत मोठी मनोरंजक आहे. १९६३ साली अमेरिकेत मॉरिस हिलमन या शास्त्रज्ञाची लहान मुलगी जेरिल लिन गालगुंडाने आजारी पडली. वडिलांनी तिच्या घशातून कापसाच्या बोळ्याने नमुना घेतला. त्यातील विषाणू प्रयोगशाळेत वाढवून त्यांनी तो दुबळा केला. त्यापासून बनलेल्या लशीला १९६७ साली मान्यता मिळाली. त्या विषाणूला आजही त्या मुलीचेच नाव आहे. गालगुंड, गोवर आणि रुबेला या तिन्हींची मिळून एक लस असते. तिच्याविषयी डॉक्टरांना विचारावे.

दुसरा आजार म्हणजे लाळेच्या नळीतील खडा. तो बहुधा जबड्याखालच्या ग्रंथीत होतो. जेवायला बसले, की लाळ सुटते. पण खड्याने वाट अडवलेली असते. मग जबड्याखाली सूज येते आणि दुखते. जेवणानंतर ती हळूहळू उतरते. अशी सूज पुन्हा पुन्हा येत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. कानाजवळ किंवा जबड्याखाली न दुखणारी गाठ आली, तरी ती दाखवावी. अशा पुष्कळ गाठी साध्या असतात. पण ते तपासल्याशिवाय कळत नाही. ‘दुखत नाही, मग कशाला जायचे?’ असे म्हणणे धोक्याचे आहे.

अन्ननलिकेचा नेहमीचा त्रास म्हणजे छातीतील जळजळ. जठरात आम्ल असते. जठराचे अस्तर ते सहन करते, पण अन्ननलिकेचे अस्तर नाजूक असते. तळाचे दार सैल झाले, की आम्ल वर येते आणि जळजळ होते. भरपेट जेवून लगेच आडवे झाल्यास हा त्रास वाढतो. रमजानमध्ये सहेरी करून लगेच झोपणाऱ्यांना याचा अनुभव येतो. थोडे कमी खावे आणि जेवणानंतर दोन-तीन तास आडवे होऊ नये.

काजूच्या टरफलातील तेल बोटांना लागले, तर कातडी भाजते. चंदगडच्या काजू सोलणाऱ्या स्त्रियांना हे चांगले ठाऊक आहे. बोटाची जाड कातडी भाजते, तर अन्ननलिकेच्या कोवळ्या अस्तराचे काय होईल? संडास धुण्याचे ऍसिड किंवा कॉस्टिक सोडा पोटात गेला, तर नलिका भाजते आणि जखम भरताना ती आखडते. म्हणून असे पदार्थ सरबताच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नयेत. लहान भावंडाने चुकून ते घेतले, तर त्याला उलटी करायला लावू नका. वर येताना ऍसिड दुसऱ्यांदा भाजते. त्याला लगेच दवाखान्यात न्या. घड्याळातील बटणासारखी बॅटरी गिळली, तरीही असेच करा. नलिकेत अडकलेली बॅटरी दोन तासांतही मोठी इजा करू शकते.

सर्वांत गंभीर आजार म्हणजे अन्ननलिकेचा कर्करोग. तंबाखू आणि दारू ही त्याची मोठी कारणे आहेत. फार कढत पेये सतत पिणेही घातक ठरू शकते, म्हणून वाफाळलेला चहा थोडा निवू द्यावा. चंदगडपासून फार दूर नसलेली निपाणी बिडीच्या तंबाखूच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. आपल्या भागात तंबाखू खिशात असते, चुन्याबरोबर तळहातावर असते आणि मिशरीच्या रूपाने घरातही असते. अनेक स्त्रिया मिशरीने दात घासतात. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने दात मजबूत होत नाहीत, उलट तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. २००३ च्या कायद्याप्रमाणे शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. पण कायदा दुकान बंद करतो. सवय आपणच बंद करावी लागते.

हा कर्करोग गुपचूप येतो. आधी भाकरी अडकू लागते. माणूस ती पाण्याबरोबर उतरवतो. मग तो मऊ भात खाऊ लागतो. पुढे भातही उतरत नाही. शेवटी पाणीसुद्धा जड जाते. तोवर वजन उतरलेले असते आणि पुष्कळ वेळ हातचा गेलेला असतो. म्हणून पहिली भाकरी अडकू लागली, तेव्हाच डॉक्टरांकडे जायला हवे. दुर्बिणीने तपासणी करून रोग ओळखता येतो. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून कर्करोगाच्या रुग्णांवर उपचार करीत आहे. रोग लवकर सापडला, तर बरा होण्याची आशा जास्त असते.

मित्रांनो, तुमच्या घरी दादाजान किंवा नानीजान असतील. जेवताना त्या वारंवार पाणी मागतात का? भाकरी बाजूला सारून फक्त भात खातात का? त्यांना मायेने विचारा. ‘वय झाले, चालायचेच’ असे म्हणून त्या टाळतील. तेव्हा अब्बा-अम्मींना ही गोष्ट सांगा. तुमच्या एका प्रश्नाने त्यांचा इलाज वेळेवर सुरू होऊ शकेल.

शब्दार्थ
बोंड – काजूचे रसाळ फळ. अस्तर – आतला थर. आखडणे – आकसून लहान होणे. निवणे – थंड होणे. कढत – खूप गरम.

स्वाध्याय
१. बोंड खाल्ल्यावर तोंड कोरडे का होते?
२. गालगुंड झालेल्या मुलाने कोणती काळजी घ्यावी?
३. ऍसिड पोटात गेलेल्या माणसाला उलटी का करवू नये?
४. ‘पहिली भाकरी अडकू लागली, तेव्हाच डॉक्टरांकडे जायला हवे.’ या वाक्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहा.
५. वाक्यांत उपयोग करा : तोंडाला पाणी सुटणे, बाजूला सारणे.