अडचणीच्या सोबतच

महाड तालुक्यात नडगाव नावाची दोन गावे आहेत. एक ‘तर्फे बिरवाडी’ आणि दुसरे ‘तर्फे तुडील’. आमच्या खाडीपट्ट्यातल्या तुडीलचे नाव असे दुसऱ्या गावाच्या नावात जाऊन बसले आहे. एरवी वर्तमानपत्रात हा भाग क्वचितच येतो. येतो तेव्हा बहुधा पावसाळा असतो, आणि बातमी चांगली नसते.

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर ओलांडून महाडला येते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. वर डोंगरात कोसळलेला पाऊस आणि खालून चढणारी भरती एकाच वेळी आली, की पाण्याला जायला वाट उरत नाही. 25 जुलै 2005 च्या अतिवृष्टीत दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते येथे दरडी कोसळून दोनशेच्या आसपास माणसे गेली. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महामार्गावरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, त्यासोबत दोन एसटी बस आणि प्रवासी. 2020 साली कोरोना, जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ आणि 24 ऑगस्टला महाडच्या काजळपुऱ्यात पाच मजली इमारत कोसळून 16 जणांचा मृत्यू. पुढच्याच वर्षी 22 जुलैला शहर पाण्याखाली, आणि त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर आला. तिथे ऐंशीहून अधिक जीव गेले. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही तोच दिवस ओढवला.

एवढ्या घटना एकामागून एक वाचल्या की मनात जो प्रश्न येतो, तो अनेक घरांत हळू आवाजात विचारला गेला आहे. अल्लाह दयाळू आहे, तर हे काय? विचारणाऱ्याचा ईमान कच्चा आहे, असे म्हणून त्याला गप्प बसवणे सोपे असते. पण स्वतः कुरआनने हा प्रश्न टाळलेला नाही. सूरह बकरामध्ये श्रद्धावंतांना आधीच सांगून ठेवले आहे की भय, भूक, आणि माल, जीव व पिकांची हानी यांनी तुमची परीक्षा होईल. म्हणजे संकट येणारच नाही, असे वचन अल्लाहने कुठेही दिलेले नाही. मग वचन आहे तरी कशाचे?

सूरह इन्शिराह ही अवघ्या आठ आयतींची सूरह आहे. आपल्यापैकी बहुतेकांना ती लहानपणीच मदरशात पाठ झालेली असते, आणि लहानपणी पाठ केलेल्या गोष्टीकडे आपण पुन्हा फारसे पाहत नाही. त्यात एकच गोष्ट लागोपाठ दोनदा सांगितली आहे. अडचण असते तिथे तिच्या सोबत सुलभताही असते, असा तिचा आशय. इथे अरबी शब्द ‘मअ’ आहे. मअ म्हणजे ‘सोबत’, ‘नंतर’ नव्हे. आपण मात्र नेहमी ‘दुःखानंतर सुख येईल’ असे म्हणतो आणि दुःख सरण्याची वाट पाहत बसतो. कुरआनचा शब्द दुःख चालू असतानाच आजूबाजूला बघायला सांगतो.

भाष्यकारांनी आणखी एक बारकावा दाखवला आहे. दोन्ही आयतींत ‘उस्र’, म्हणजे अडचण, या शब्दाला ‘अल’ लागले आहे. ‘युस्र’, म्हणजे सुलभता, याला नाही. अरबी व्याकरणानुसार ‘अल’ लागलेला शब्द पुन्हा आला तर गोष्ट तीच राहते, आणि न लागलेला पुन्हा आला तर ती दुसरी ठरते. म्हणून अडचण एक, सुलभता दोन. शामच्या आघाडीवरून हजरत अबू उबैदा (र.) यांनी रोमी फौजांच्या संख्येविषयी चिंता कळवली, तेव्हा हजरत उमर (र.) यांनी उत्तरात हेच लिहिले की एक अडचण दोन सुलभतांवर कधी मात करू शकत नाही.

काजळपुऱ्यातल्या ढिगाऱ्याखालून चार वर्षांचा एक मुलगा सुमारे 19 तासांनी जिवंत निघाला, तेव्हा जमलेल्या गर्दीने टाळ्या वाजवल्या. ते दृश्य साऱ्या देशाने पाहिले. ज्या घरांतली माणसे निघाली नाहीत, त्यांना हे दृश्य काय सांगणार? त्यांच्यासाठी वेगळे वचन आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी युद्धाशिवायही ज्यांना शहीदांचा दर्जा सांगितला, त्यांत साथीच्या रोगाने मरणारा आहे, बुडून मरणारा आहे आणि कोसळलेल्या बांधकामाखाली सापडून मरणाराही आहे. बुखारी आणि मुस्लिम, दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. आपल्या तालुक्याचा गेल्या वीस वर्षांचा इतिहास समोर ठेवून ती वाचली, तर अंगावर काटा येतो. म्हणून कुणी मृत्यूच्या दारी जाऊन ‘ही पापाची शिक्षा’ असे बोलू लागला, तर त्याला तिथेच थांबवावे. तसे सांगण्याचा अधिकार त्याला कुणी दिला?

मात्र याच हदीसचा एक गैरवापरही होतो. मरणारा शहीद झाला म्हणून इमारत बांधणारा सुटत नाही. सिमेंट कमी घातले असेल, परवानगी डोळे झाकून दिली असेल, तर ती माणसाची करणी. तिचा हिशेब इथल्या न्यायालयातही व्हायला हवा आणि तिथेही होईल. ‘अल्लाहची मर्जी’ हे शब्द आपण शोक करणाऱ्याच्या सांत्वनासाठी वापरतो. दोषी माणसाने त्यांच्याआड लपावे, हे मला तरी सहन होत नाही.

हेच हजरत उमर आणि हेच हजरत अबू उबैदा (र.) पुढे आणखी एका प्रसंगात भेटतात. हिजरी 18 मध्ये शामात प्लेगची साथ होती. हजरत उमर (र.) सीमेवरूनच माघारी फिरले. अबू उबैदा (र.) यांनी विचारले, अल्लाहच्या तकदीरपासून पळता? हजरत उमर (र.) यांच्या उत्तराचा आशय असा की, होय, अल्लाहच्या एका तकदीरकडून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरकडे. मग त्यांनी दरीचा दाखला दिला. एक उतार हिरवा, एक उजाड. उंट कुठेही चारले तरी तकदीर अल्लाहचीच. पण शहाणा माणूस कुठे चारेल? डोंगराच्या पोटाशी घर असलेल्या आणि तलाठ्याची स्थलांतराची नोटीस हाती पडलेल्या माणसाने ‘जे व्हायचे ते होईल’ म्हणून दार लावून घ्यावे का, याचे उत्तर या प्रसंगात आहे. अर्थात नोटीस देऊन मोकळे होणाऱ्या यंत्रणेनेही तो माणूस कुठे जाणार, हे सांगायला हवे. घर सोडणे कागदावर एका ओळीचे असते; प्रत्यक्षात त्यात गुरे असतात, भाताची कणगी असते, आजारी सासू असते.

आणि सब्र? त्याविषयी आपल्या घरांत, विशेषतः बायकांना, फार चुकीचे सांगितले जाते. रडू नको, सब्र कर. जणू रडणे आणि सब्र एकत्र राहूच शकत नाहीत. हजरत याकूब (अ.) यांनी मुलगा हरवल्यावर उत्तम सब्राचा शब्द उच्चारला, आणि त्याच मुलाच्या दुःखाने त्यांचे डोळे पांढरे झाले. दोन्ही गोष्टी एकाच सूरह यूसुफमध्ये आहेत. आपले दुःख मी अल्लाहपुढेच मांडतो, असे ते म्हणाले. आणि त्याच तोंडाने उरलेल्या मुलांना सांगितले की जा, भावाचा शोध घ्या, अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नका. रडत होते, दुआ करत होते आणि शोधायला माणसेही पाठवत होते. प्रेषित (स.) यांचेही डोळे चिमुकल्या इब्राहीमच्या अंत्यसमयी वाहिले होते.

खाडीपट्ट्यातल्या कित्येक घरांतला कर्ता पुरुष आखातात असतो. पुराच्या रात्री इकडे वीज गेलेली, मोबाइल बंद, आणि तिकडे तो खोलीत जागा. त्याला ‘सब्र करा’ म्हणण्यापेक्षा सकाळी कुणीतरी ‘अम्मी वरच्या मजल्यावर आहेत, चहा प्यायल्या’ एवढा निरोप पोहोचवणे मोठे असते.

मूताच्या लढाईत हजरत जाफर (र.) शहीद झाल्याची बातमी मदीनेत आली, तेव्हा प्रेषितांनी (स.) आपल्या घरच्यांना जाफरच्या घरासाठी जेवण करायला सांगितले, कारण त्या घरावर असे दुःख आले होते की चूल पेटवण्याचे भान उरले नव्हते. मयतीच्या घरी शेजाऱ्यांनी डबा नेण्याची आपली रीत तिथून आली आहे. अलीकडे मात्र कित्येक ठिकाणी मयतीच्या घरच्यांनाच पाहुण्यांसाठी बिर्याणीची डेग लावावी लागते. ज्या घरात जाफरच्या घरासारखा डबा यायला हवा, त्या घराला आपण किराणा दुकानाच्या उधारीत लोटतो. या पावसाळ्याआधी निदान आपल्या मोहल्ल्यापुरते तरी ठरवता येईल: कोणत्या घरात म्हातारी माणसे एकटी आहेत, पाणी चढले तर कुणाला आधी उचलायचे, आणि कुणाच्या घरी मयत झाली तर पहिल्या दिवशीचे जेवण कुणाच्या चुलीवर शिजेल.