मुलाखतीची धडधड

"डॉक्टर, ही गोळी इंटरव्ह्यूच्या दिवशी घेतली तर चालेल ना?" असे विचारत डोंबिवली पूर्वेच्या एक बाई गेल्या वर्षी माझ्यासमोर बसल्या. वय शेहेचाळीस. सासऱ्यांना अर्धांगवायू झाला म्हणून २००९ साली त्यांनी अकाउंट्सची नोकरी सोडली. पुढे मुलीचे शिक्षण, मग सासूबाईंचे गुडघे. पंधरा वर्षांनी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून मुलाखतीचे बोलावणे आले होते आणि दहा दिवस हातात होते. छातीत धडधड, हाताला कंप, रात्री झोप नाही.

गोळी प्रोप्रॅनोलॉलची होती, मैत्रिणीने दिलेली. तिने धडधड आणि कंप कमी होतो, हे खरे. पण दमा असलेल्या माणसाच्या श्वासनलिका या औषधाने आवळल्या जातात. या बाईंना दर पावसाळ्यात पंप लागतो, हे मैत्रिणीला कुठून ठाऊक असणार? झोपेच्या गोळ्यांची गोष्ट निराळी, पण तीही बरी नव्हे. भीती उतरते, तिच्याबरोबर स्मरण आणि जीभही मंदावते. दुसऱ्याचे औषध कधीच घेऊ नये आणि स्वतःचेसुद्धा मुलाखतीच्या दिवशी पहिल्यांदा घेऊ नये.

इथे माझी चूक सांगायला हवी. याच बाई महिनाभर आधी धडधडीसाठीच आल्या होत्या. नोकरीसाठी अर्ज करते आहे, म्हणाल्या. मी "टेन्शन घेऊ नका" म्हणून बी-कॉम्प्लेक्स लिहून दिले. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहण्याचे कष्टही घेतले नाहीत. या खेपेस पाहिली, तर पांढरीफटक. हिमोग्लोबिन ८.६ निघाले. स्त्रीचे ते १२ च्या खाली असू नये. पाळीत अंगावरून फार जाते, हे विचारल्यावर कळले. त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. थायरॉइडची तपासणी मात्र ठीक आली. म्हणजे जिला आम्ही दोघे भीती समजत होतो, तिच्यातला बराच भाग रक्तक्षयाचा होता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. हे वाचलेले असूनही माझ्याकडून राहिले.

लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. त्या लिंबूपाण्याबरोबर घ्याव्यात, चहाबरोबर नव्हे. चहाने लोह अंगी लागत नाही. शौचाला काळे होते, त्याला घाबरू नये. पण दहा दिवसांत रक्त भरत नाही, हेही त्यांना स्पष्ट सांगितले.

दुसरी गोष्ट चष्म्याची. संगणकावर काम जमत नाही, वय झाले, असे त्या धरून चालल्या होत्या. खरे तर पडद्यावरचे आकडेच धूसर दिसत होते. चाळिशीचा चष्मा लागला आणि टॅलीच्या क्लासातले निम्मे रडगाणे थांबले. त्यांनी काम सोडले तेव्हा व्हॅट होता, १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. तो अभ्यास काही डॉक्टरने शिकवायचा नव्हे.

एका संध्याकाळी दवाखाना आटोपल्यावर मी साहेब झालो आणि विचारले, "इतकी वर्षं काय करत होतात?" मान खाली घालून उत्तर आले, "काही नाही, घरीच होते." मी म्हटले, हे खोटे आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची औषधे, फिजिओथेरपी, विम्याचे कागद, सगळा हिशेब कोणी ठेवला? शेवटी तीन वाक्ये ठरली. नोकरी का सोडली, त्या काळात काय सांभाळले, आता काय शिकले. माफी नाही की लांबण नाही. बोलण्याआधी श्वास सावकाश सोडायचा, म्हणजे आवाज चढत नाही. हा सराव नवऱ्याबरोबर करू नये, असे माझे मत. तो दर वाक्याला दुरुस्ती सुचवतो. आणि खंड पडलेल्या स्त्रियांना कोणी विचारत नाही, असेही नाही. टाटा समूहाने २००८ मध्ये खास त्यांच्यासाठी योजना काढली होती.

मग गाडीची तालीम. सकाळच्या गर्दीत त्या पंधरा वर्षांत लोकलमध्ये चढल्या नव्हत्या. पहिल्या दिवशी दोन गाड्या सोडून फलाटावरून घरी परतल्या. दुसऱ्या दिवशी शेजारच्या नोकरदार मुलीचा हात धरून स्लो गाडीत चढल्या. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा करत ठाणे गाठले, वागळे इस्टेटचे ऑफिस बाहेरून पाहिले आणि परत आल्या. त्या रात्री झोप लागली.

मुलाखत नेमकी संकष्टीला! उपास मोडणार नाही, म्हणाल्या. मोडू नका, पण रिकाम्या पोटी जाऊ नका, एवढेच मी सांगितले. दूध, केळे आणि राजगिऱ्याचा लाडू यावर तह झाला.

ती नोकरी मिळाली नाही. जीएसटीच्या एका प्रश्नाला अडकल्या. पण खुर्चीत बसून शेवटपर्यंत बोलले, असे येऊन सांगितले. अडीच महिन्यांनी कल्याणच्या एका फर्मसाठी त्या पुन्हा आल्या, या वेळी तंदुरुस्तीचा दाखला हवा होता. हिमोग्लोबिन ११.४ झाले होते. दाखला लिहून दिला आणि १२ गाठल्यावरही तीन महिने लोहाच्या गोळ्या चालू ठेवायच्या, हे दुसऱ्या कागदावर लिहिले. पापणी आधी ओढून पाहिली होती.