गिअर ऑइल बदलल्यानंतर : वापरलेल्या तेलाचा प्रश्न

दिल्लीतील करोल बाग हा भाग स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी राजधानीत येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. अजमल खान मार्गावरील कपड्यांची दुकाने आणि गफार मार्केटमधील मोबाइलचा व्यापार यांच्याप्रमाणेच नाईवाला परिसरातील दुचाकींच्या सुट्या भागांचा बाजारही प्रसिद्ध आहे. येथील गल्ल्यांत मिस्त्री एखाद्या स्कूटरचे गिअर ऑइल दहा-पंधरा मिनिटांत बदलून देतो. ग्राहक पैसे देऊन निघून जातो आणि त्याच्या दृष्टीने काम संपते. मात्र डब्यात काढलेल्या काळ्या तेलाचा प्रवास तेथूनच सुरू होतो. हे तेल पुढे कोठे जाते, हा प्रश्न तंत्रज्ञान, पर्यावरण आणि प्रशासन या तिन्ही विषयांशी निगडित आहे.

गिअर ऑइलचे कार्य

इंजिनाची गती चाकापर्यंत पोहोचवताना ती कमी करून जोर वाढवावा लागतो. हे काम दातेरी चक्रे करतात. दोन चक्रांचे दाते एकमेकांवर केवळ टेकत नाहीत, तर प्रचंड दाबाखाली घसरतात. अशा वेळी धातूंच्या दोन पृष्ठभागांमध्ये तेलाचा पातळ थर टिकून राहणे आवश्यक असते. म्हणून गिअर ऑइलमध्ये गंधक व फॉस्फरस यांची संयुगे मिसळतात. अतिदाबाच्या जागी ती धातूशी संयोग पावून संरक्षक थर निर्माण करतात.

डब्यावरील आकड्यांबाबत नेहमी गैरसमज होतो. गिअर ऑइल आणि इंजिन ऑइल यांच्या घट्टपणाच्या मोजपट्ट्या भिन्न आहेत. गिअर ऑइलची ९० ही श्रेणी इंजिन ऑइलच्या साधारण ४० ते ५० या श्रेणीइतकीच घट्ट असते. ‘जीएल-४’ आणि ‘जीएल-५’ ही अक्षरे घट्टपणा नव्हे, तर दाब सहन करण्याची क्षमता दर्शवतात.

वाहनागणिक व्यवस्थाही बदलते. चार-स्ट्रोक मोटारसायकलमध्ये सामान्यतः इंजिन, क्लच आणि गिअर यांना एकच तेल पुरते. गिअर न बदलाव्या लागणाऱ्या स्कूटरमध्ये मात्र मागील चाकाजवळच्या लहान पेटीत वेगळे तेल असते. ते सुमारे १०० ते १५० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या एका कपाएवढेच असते. काही स्कूटरच्या पेटीत इंजिन ऑइलच वापरण्याची शिफारस असते. त्यामुळे उत्पादकाची पुस्तिका हाच अंतिम आधार मानावा.

तेल बदलण्याची रीत

गाडी थोडी चालवून तेल कोमट करावे. त्यामुळे ते सहज वाहते आणि तळाचा गाळही सोबत येतो. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करावी. प्रथम तेल भरण्याच्या छिद्राचा बोल्ट सैल करावा. तो गंजून अडकला असेल आणि तळाचा बोल्ट आधीच उघडला असेल, तर पेटी रिकामी होऊन गाडी जागेवरच अडकते. त्यानंतर तळाचा बोल्ट काढून तेल पसरट भांड्यात घ्यावे.

निघालेले तेल यंत्राच्या आरोग्याची माहिती देते. बारीक करडी चमक ही सामान्य झिजेची खूण असते, तर धातूचे तुकडे दाते किंवा बेअरिंग तुटल्याची सूचना देतात. दुधाळ रंग दिसल्यास पाणी शिरले आहे, असे समजावे. शेवटी बोल्टचे वॉशर नवे घालून पुस्तिकेत दिलेल्या पातळीपर्यंत तेल भरावे. पेटी ॲल्युमिनियमची असल्याने बोल्ट वाजवीपेक्षा जास्त आवळल्यास आटे निकामी होतात.

पाण्यातील यंत्राची निगा

हेच तत्त्व होडीच्या मागे बसवल्या जाणाऱ्या लहान आउटबोर्ड इंजिनालाही लागू पडते. करोल बागेपासून काही किलोमीटरवर यमुना वाहते. १३ जुलै २०२३ रोजी जुन्या लोहपुलाजवळ तिची पातळी २०८.६६ मीटर या विक्रमी उंचीवर पोहोचली. यापूर्वीचा १९७८ सालचा उच्चांक २०७.४९ मीटर होता. अशा पुरात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या हवेने फुगवलेल्या बोटी याच इंजिनांवर चालतात. कोकण किनाऱ्यावरील अनेक छोट्या मच्छीमार होड्यांनाही तीच बसवलेली असतात.

या इंजिनाची गिअरपेटी पाण्याखाली असते. उभ्या दांड्याची गती तेथे आडव्या दांड्याकडे वळवून पंखा फिरवला जातो. पेटीला खाली आणि वर असे दोन बोल्ट असतात. इंजिन उभे ठेवून आधी खालचा व मग वरचा बोल्ट उघडतात. नवे तेल मात्र खालच्या छिद्रातून वर चढवत भरतात, म्हणजे आतील हवा वरून बाहेर पडते. वरच्या छिद्रातून तेल दिसू लागताच प्रथम वरचा आणि नंतर खालचा बोल्ट बसवतात. स्कूटरपेक्षा येथे दुधाळ तेलाचा इशारा अधिक गंभीर असतो. पंख्याच्या दांड्याभोवती जाळ्याचा किंवा गळाचा दोरा गुंडाळला गेल्यास सील कापले जाते आणि पाणी आत शिरते. केवळ तेल बदलून हा दोष दूर होत नाही, सीलही बदलावे लागते. अन्यथा भर पाण्यात इंजिन बंद पडण्याचा धोका राहतो आणि बोटीतील माणसांचे प्राण संकटात येतात.

वापरलेले तेल : कायद्याची चौकट

यंत्रातून काढलेले तेल संपलेले नसते, ते मळलेले असते. त्यातील पूरक रसायने क्षीण होतात. धातूचे कण आणि पाणी मिसळते. मूळ तेल मात्र बव्हंशी टिकून राहते. पाणी काढून, निर्वात ऊर्ध्वपातन व शुद्धीकरण केल्यास त्यातून पुन्हा मूळ तेल मिळते. खनिज तेलाच्या गरजेचा मोठा भाग आयातीने भागवणाऱ्या आपल्या देशाला याचे महत्त्व निराळे सांगायला नको.

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये घातक कचऱ्याविषयीचे नियम प्रथम १९८९ मध्ये झाले. सध्याचे नियम २०१६ चे आहेत. त्यांत ‘वापरलेले तेल’ आणि ‘टाकाऊ तेल’ असा भेद केलेला आहे. पुनःशुद्धीकरणास योग्य ते वापरलेले तेल, तर सांडलेले किंवा गाळमिश्रित, त्यास अयोग्य ते टाकाऊ तेल. वापरलेल्या तेलाच्या व्याख्येत गिअर ऑइलचा स्पष्ट उल्लेख आहे.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. नवी मुंबईजवळील न्हावा-शेवा बंदरात वंगण तेल म्हणून आणलेल्या १३३ कंटेनरमध्ये प्रत्यक्षात घातक टाकाऊ तेल आढळले होते. ते आयातदारांच्या खर्चाने जाळून नष्ट करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००५ मध्ये दिला. ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई करावी’ या तत्त्वाचे हे ठळक उदाहरण होय.

१८ सप्टेंबर २०२३ रोजी अधिसूचित झालेली आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेली दुरुस्ती पुढचा टप्पा ठरते. तिने वापरलेल्या तेलासाठी विस्तारित उत्पादक उत्तरदायित्व आणले. तेलाचे उत्पादक व आयातदार यांना ठरावीक प्रमाणात वापरलेल्या तेलाचे पुनर्चक्रीकरण घडवून आणावे लागते. नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण उद्योगांकडून प्रमाणपत्रे घेऊन ही जबाबदारी पार पाडता येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर त्याची नोंद होते.

साखळीतील कच्चा दुवा

कारखान्यात शेकडो लिटर तेल एका जागी मिळते. पदपथालगतच्या मिस्त्रीकडे ते कपाकपाने जमते. एक हजार स्कूटरमधून प्रत्येकी १२० मिलिलिटर तेल काढले, तर १२० लिटर भरते. पण ते अनेक दुकानांत विखुरलेले असते. परवानाधारक संकलक तेथवर पोहोचला नाही, तर ते मिळेल त्या गिऱ्हाइकाला विकले जाते. भट्टीत इंधन म्हणून, सेंट्रिंगच्या फळ्यांना लावण्यासाठी किंवा वाळवी रोखण्यासाठी अशा तेलाचा वापर होतो. उरलेले गटारात गेल्यास अखेर नदी गाठते. ते उघड्यावर जाळल्यास त्यातील धातू व गंधक हवेत मिसळतात.

मिस्त्रीला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. हे तेल त्याच्यासाठी जोडउत्पन्न असते आणि अनधिकृत खरेदीदार रोख पैसे देतो. म्हणून अधिकृत संकलकाने तितकाच भाव देणे, बाजारात सामाईक टाकी ठेवणे आणि छोट्या दुकानदारांना नोंदीची सोपी पद्धत उपलब्ध करून देणे आवश्यक आहे. नव्या तेलाच्या विक्रेत्यानेच जुने तेल परत घेतल्यास संकलनाचा खर्चही घटेल.

समारोप

विद्युत वाहनांमुळे इंजिन ऑइलची गरज घटेल; परंतु दातेरी चक्रे असलेल्या वाहनांत गिअर ऑइल राहणारच. ई-रिक्षाच्या मागील आसाच्या पेटीतही ते लागते. त्यामुळे हा प्रश्न आपोआप मिटणारा नाही. चक्रीय अर्थव्यवस्थेची संकल्पना धोरणपत्रात मांडणे सोपे असते. तिचे यश मात्र करोल बागेतील गल्लीत भरलेला काळा डबा संध्याकाळी कोणाच्या हाती जातो, यावर अवलंबून आहे.